ओढून बघणारी

आमच्या घरात भर मे महिन्यात पंखा बंद दिसला, तर लाइट गेली असं समजू नका. आमची सावित्री वाचायला बसली आहे, असं समजा. आतल्या खोलीचं दार लावलेलं, खिडकीला गोधडी टांगलेली, आणि मी बाहेर घामानं निथळत तोंड मिटून बसलेलो. खोकला आला तर जिन्यात जाऊन खोकायचं, असा हुकूम. आकुर्डीच्या कंपनीत पेंट शॉपला जन्म घालवला मी, तिथंसुद्धा खोकायला बंदी नव्हती.

मी ज्योतीराम. राहणार संत तुकाराम नगर, दुसरा मजला. माझ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, जे आहे ते हिच्याबद्दल आहे. बोलताना मी चिडलेला वाटेन. चिडलेलाच असतो मी, त्याचं काही मनावर घेऊ नका.

सावित्री औशाजवळच्या एका खेड्यातली. दहावी पास. हिला लहानपणापासून एक खोड, दिसेल ते मोठ्यानं वाचायचं. लग्न होऊन पिंपरीत आली, तेव्हा मी तिला बसनं शहर दाखवायला नेलं. निगडीपर्यंत तिनं रस्त्यावरची एक पाटी सोडली नाही. "जुने टायर मिळतील. पंक्चर काढून मिळेल. येथे कचरा टाकणाऱ्यावर कारवाई होईल." अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, अगं, मनातल्या मनात वाच की. तर म्हणते, "मनातल्या मनात वाचलं तर तुम्हाला कसं ऐकू जाणार?" 

पुढं ती चाकणला एका कंपनीत लागली. गाड्यांच्या आतल्या वायरी एकत्र बांधून त्यांची जुडगी बनवायचं काम. रंगारंगाच्या वायरी, आणि प्रत्येकीचं टोक आपापल्या खोबणीत बसवायचं. टोक आत गेलेलं दिसतं, पण नीट बसलेलं नसतं. तशी वायर गाडीत गेली, तर गाडी रस्त्यात कुठंतरी बंद पडते आणि कुणाला कारण सापडत नाही. म्हणून त्या बायांना शिकवलेलं होतं, वायर बसवली की हलकेच ओढून बघायची. आली हातात तर बसली नव्हती. दुसरं शिकवलेलं, पहिला पीस पास झाल्याशिवाय पुढचा माल सोडायचा नाही.

या दोन गोष्टी तिच्या हाडीमासी भिनल्या. दाराची कडी लावली की ओढून बघते. पिशवीला गाठ मारली की ओढून बघते. पहिली पोळी मला खायला घालून मग बाकीच्या लाटते. मी म्हणजे हिचा क्वालिटी कंट्रोल. रिटायर झाली, कंपनीची बस सुटली, पण हात काही थांबले नाहीत.

तिसरी गोष्ट माहेरची. काहीही लिहायचं तर आधी श्री काढायचा. दोन उभ्या रेघा, श्री, परत दोन उभ्या रेघा. किराण्याची यादी असो, नाहीतर कॅलेंडरवर दूधवाल्याचा खाडा असो. मी चेष्टा करायचो, की देवाला आपल्या खाड्याशी काय करायचंय. ती म्हणायची, "श्रीशिवाय लिहिलेलं उघडं पडतं." बरं बाई, म्हटलं.

तर हे वाचन कसं सुरू झालं ते ऐका. आमच्या खाली तळमजल्यावर गोरक्ष नावाचे गृहस्थ राहायचे. देहूरोडच्या कारखान्यात नोकरीला. त्यांची मुलगी स्वरूपा. लहानपणी मेंदूज्वरात पोरीचे डोळे गेले, पण हुशारी कुठं जाते. पदवीधर झाली, आणि मग सरकारी लिपिकाच्या परीक्षेच्या मागं लागली. एकदा परीक्षा दिली, थोडक्यात हुकली. पुढची जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही, अन् निघाली की राज्यभरातली पोरं तुटून पडतात. घरी आईबाप म्हणायचे, बास आता. ती म्हणायची, अजून एकदा.

अडचण पुस्तकांची होती. त्या परीक्षेची मराठी पुस्तकं बोटांनी वाचायच्या लिपीत मिळत नव्हती. मोबाइलला वाचायला लावलं तर तो 'ज्ञ'पाशी अडायचा, तक्ते आले की गोंधळ घालायचा. एका दुपारी आमची सावित्री जिन्यात भाजी निवडत पेपर वाचत होती, नेहमीसारखी मोठ्यानं. मधेच खालून आवाज आला, "काकू, जरा सावकाश वाचाल का? मी ऐकतेय."

झालं. दुसऱ्या दिवशी स्वरूपाची आई पुस्तकांची चळत घेऊन वर आली.

कॉम्प्युटर आणला आकुर्डीच्या एका कॉलेजनं काढून टाकलेला. तिथला लॅब असिस्टंट रणजीत आमच्या लातूरकडचाच. त्यानं त्यात लिनक्स नावाची सिस्टिम टाकून दिली होती. "काकू, जुन्या मशीनला हीच झेपते," म्हणाला. माइक लावला, चालतो का बघायला हिला काहीतरी बोल म्हणाला. तर ही काय बोलली? "हॅलो. हे चालू आहे का? अहो, तुम्ही मधे बसू नका." ती फाइल त्यानं 'टेस्ट' म्हणून ठेवली.

पुढच्या फाइली हिनं ठेवल्या. नाव द्यायची वेळ आली तशी ही अडली. श्री पाहिजे, अन् रेघा कुठं आहेत? रणजीतनं एंटरच्या वरचं बटण दाखवलं, शिफ्ट दाबून ते दाबलं की उभी रेघ उमटते. बाई खूश. तिथून पुढं प्रत्येक धड्याचं नाव दोन रेघा, श्री, दोन रेघा, मग धडा. लिनक्सनं कधी तक्रार केली नाही. मला वाटतं तीही हिला घाबरत असावी.

दोन वर्षं हे चाललं. सकाळी ही वाचायची, आणि दुपारी स्वरूपा वर येऊन त्याच कॉम्प्युटरवर कानाला हेडफोन लावून ऐकायची. ही धडा लावून द्यायची आणि शेजारी बसून शेंगा सोलायची. एकदम शांत कधी मिळणार आमच्याकडं? जवळच मोठा दवाखाना, ॲम्ब्युलन्सचा आवाज. वल्लभनगरच्या स्टँडवरून निघालेल्या एस.टी.चा हॉर्न. कुकरच्या शिट्ट्या. इतिहास सांगता सांगता मधेच, "थांब गं, दूध आलं."

मी एकदा म्हटलं, हे सगळं काढून टाकता येतं म्हणे, रणजीतला सांगू. तर स्वरूपाच घाबरली. "नको काका. मला त्याच खुणा आहेत." मग तिनं समजावून सांगितलं. तुम्हाला पुस्तकातलं पान आठवतं ना, डावीकडं वर चित्र होतं, त्याच्या खाली ती तारीख होती, असं? तिला पान नाही. तिला कुकरची दुसरी शिट्टी आठवते, आणि शिट्टीच्या मागून तारीख येते. ॲम्ब्युलन्स गेली की पुढचं वाक्य राष्ट्रपतींच्या अधिकारांचं. कोणताही धडा विचारा, खुणेसकट सांगायची.

एका धड्यात मी पण आहे. ग्रामसभेचा धडा. मी अंघोळीला गेलो आणि टॉवेल विसरलो. आता बाथरूममधून माणूस काय करणार? नळ बंद केला आणि ओरडलो, "ऐकतंय का कुणी या घरात?" नेमकी ग्रामसभेची गणपूर्ती चालली होती, म्हणजे सभा भरवायला कमीत कमी किती माणसं लागतात ते. बाहेर आल्यावर मला जे ऐकून घ्यावं लागलं ते जाऊ द्या. पण धडा परत वाचायचा तिला कंटाळा आला, म्हणून माझी आरोळी तशीच राहिली.

यंदा शेवटी जाहिरात निघाली. परीक्षेची तारीख लागली. आणि त्याच सुमारास गोरक्षरावांना देहूरोडला क्वार्टर मिळाली. परीक्षेला महिना राहिलेला आणि खालचं घर रिकामं व्हायला लागलं. एका संस्थेनं स्वरूपाला लॅपटॉप दिला होता, त्यात विंडोज होतं, आणि पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारी सोय. ठरलं असं, की वरचे सगळे धडे त्यात द्यायचे आणि तिनं देहूरोडला बसून उजळणी करायची.

रणजीत एक नवीन डिस्क घेऊन आला. आमच्या कॉम्प्युटरमधून तिच्यात सगळे धडे घेतले. पडद्यावर बघितले, सगळे होते. तोवर खाली टेम्पो उभा, सामान चढत होतं, स्वरूपाची आई हाका मारत होती. त्या गडबडीत डिस्क पोरीच्या हातात दिली आणि सगळे गेले. हिनं ओढून बघितलं नाही. आयुष्यात एकदा.

दुसऱ्या दिवशी स्वरूपाचा फोन.  लॅपटॉपला डिस्क जोडली तर धड्यांची नावं ऐकू येत होती, पण एकही धडा उघडत नव्हता. मग लॅपटॉपनंच तिला सांगितलं, या डिस्कमध्ये दोष आहे, तपासून दुरुस्त करू का? कुणीही हो म्हटलं असतं, तिनंही म्हटलं. दुरुस्ती झाली, आणि धड्यांची नावंच गेली. डिस्कवर एकच फाइल उरली, ती 'टेस्ट'.

"काकू, सगळं गेलं," म्हणाली आणि रडायला लागली.

सावित्री म्हणाली, "कामून रडतीस? मूळ माल माझ्याकडं आहे." फोन ठेवून ती आत गेली, कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतून कटकट असा आवाज आला, जळका वास आला, आणि पडदा काळाच राहिला. मी दारात उभा होतो.  हिनं बटण परत दाबलं नाही. वायर काढली आणि म्हणाली, "रिक्षा बघा."

रणजीत गावी गेला होता, चुलतभावाच्या लग्नाला. मग आम्ही चिंचवडला एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार पोरसवदा, पण वागायला नीट. त्यानं पेटी उघडली, म्हणाला वीज पुरवणारा भाग जळलाय, पण आतली डिस्क जिवंत वाटते, माझ्या मशीनला लावून बघतो. लावली. त्याच्या पडद्यावर चौकट आली. आमच्या बाईनं सवयीप्रमाणे ती मोठ्यानं वाचली, इंग्रजी असली तरी, एकेक अक्षर लावत. तिचा अर्थ असा, की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू का?

"करावंच लागेल काकू," तो म्हणाला, "डिस्क कोरी झालीय," आणि त्याचा हात माउसकडं गेला. सावित्रीनं त्याच्या हातावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबून धरला.

"फॉरमॅट म्हणजे पुसणं ना?"

"हो, पण तसंही आत काही दिसत नाहीये."

"तुझ्या मशीनला दिसत नाही. आत नाही असं कुठं म्हणाली ती?"

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असेल, काका समजावतील. मी काय समजावणार? मी म्हटलं, "भाऊ, काढून दे ती. ही हात सोडणार नाही." ती डिस्क तिनं ओढणीत गुंडाळली आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसली. वाटेत मला म्हणाली, "एक ओढून बघायचं राहिलं माझं. आता मी कुणाच्या सांगण्यावर काही दाबू देणार नाही."  रस्त्यावरची एकही पाटी वाचली नाही. मला फार वाईट वाटलं तेव्हा, उगाच का नाही म्हणू.

रणजीत परत येईपर्यंतचे दिवस मात्र जड गेले. मी म्हणून बघितलं, की तू परत वाच सगळं, मी देवळात जाऊन बसतो. ती म्हणाली, "महिन्यात दोन वर्षांचं वाचून होईल का? आणि वाचलं तरी त्या खुणा कुठून आणू? पोरीची वाटच मोडेल."

रणजीत आला तो थेट आमच्याकडं. स्वरूपालाही तिच्या वडिलांनी लॅपटॉपसकट आणून सोडली. रणजीतनं बरोबर आणलेला त्याचा कॉम्प्युटर एका पेन ड्राइव्हवरून लिनक्समध्ये सुरू केला आणि आमची डिस्क त्याला जोडली. पडद्यावर सगळे धडे रांगेनं उभे. श्री आणि रेघांसकट.

"दिसले," सावित्री म्हणाली. स्वरूपानं तिचा हात धरला होता, तो दोघींनी सोडला नाही.

रणजीत म्हणाला, विंडोजला लिनक्सची डिस्क वाचता येत नाही, म्हणून त्या दुकानात ती कोरी दिसली. ठीक. पण मग नवीन डिस्कवरचे धडे का उघडले नाहीत? ती तर विंडोजला वाचता येणारी होती. तो परत सगळे धडे उचलायला निघाला, तशी ही म्हणाली, "थांब. आधी पहिला पीस."

एकच धडा नवीन डिस्कवर घेतला, लॅपटॉपला लावला. नाव ऐकू आलं. धडा उघडला नाही. लॅपटॉपनं परत विचारलं, दुरुस्त करू का? तिघंही एकदम म्हणाले, नाही.

रणजीत डोकं खाजवत बसला. तेव्हा स्वरूपा म्हणाली, "पण मग ती टेस्टची फाइल कामून टिकली?" हिच्याकडूनच उचललेला शब्द. "तीच डिस्क, तेच मशीन. तिच्यात वेगळं काय आहे?"

 मग ती लॅपटॉपशी काहीतरी खुटखुट करत बसली. म्हणाली, हा बोलणारा माणूस एरवी स्वल्पविराम, रेघा असलं काही वाचत नाही, कटकट नको म्हणून. आज त्याला सगळं वाचायला लावते. मग ती धड्याच्या नावावर गेली, आणि लॅपटॉप बोलला, "उभी रेघ, उभी रेघ, श्री, उभी रेघ, उभी रेघ, ग्रामपंचायत."

"काकू, या रेघा कसल्या?"

रणजीतनं कपाळावर हात मारला. विंडोजला फाइलीच्या नावात ती रेघ चालत नाही. लिनक्सला चालते. आम्ही डोळ्यांनी बघत होतो, आम्हाला तो नुसता श्री दिसत होता. रेघा आमच्या नजरेला इतक्या सवयीच्या की त्या आहेत हेच कळत नव्हतं. आणि त्या दुरुस्तीनं, न चालणारी नावं म्हणून धडेच पुसले.

 मला कळत होतं हिच्या मनात काय चाललंय ते. रणजीत हळूच म्हणाला, "काकू, नावं बदलावी लागतील. नुसते आकडे देऊ. श्री वगैरे..."

"रेघा काढ," सावित्री म्हणाली. "श्रीला हात लावू नको. श्रीला कुंपण नसलं तरी चालतं."

मी लग्न झाल्यापासून बघतोय, या बाईनं रेघांशिवाय श्री काढलेला नाही. आणि ते इतकं सरळ बोलली, की मलाच गलबलून आलं.

रणजीतनं कीबोर्ड पुढं ओढला. मग म्हणाला, "काकू, तुम्ही वापरली ती इंग्रजीतली रेघ. आपल्या मराठी कीबोर्डवर आपला स्वतःचा दंड आहे, श्लोकाच्या शेवटी देतात तो. दिसायला तसाच. तो विंडोजला चालायला पाहिजे."

"पाहिजे म्हणू नको. बघ."

त्यानं एका धड्याचं नाव बदललं. आपले दंड, श्री, आपले दंड, ग्रामपंचायत. डिस्कवर घेतला, लॅपटॉपला लावला. स्वरूपानं एंटर दाबलं. आणि आमच्या खोलीत सावित्रीचा आवाज सुरू झाला, मागं कुकर. सावित्री म्हणाली, "मधलं लाव." मधलं लागलं. "शेवट लाव." शेवट लागला. मग म्हणाली, "सोड माल."

रणजीतनं सगळ्या नावांतल्या रेघा एकदमच बदलल्या आणि धडे पाठवले. पण ही तेवढ्यावर उठली नाही. दोन दिवस बसून तिनं आणि स्वरूपानं एकेक धडा सुरुवातीला, मधे आणि शेवटी ऐकून बघितला. ओढून बघितला म्हणा. मी चहा करत होतो. पंखा चालू होता, तेवढंच.

एक धडा हातात आला. म्हणजे ओढल्यावर निघाला. आमच्या त्या जुन्या डिस्कचाच तेवढा भाग खराब झाला होता, ग्रामसभेचा धडा सुरू होऊन खरखरत बंद पडायचा. माझ्या आरोळीचा. रणजीतनं परत परत बघितलं, नाही जमलं.

"एकच आहे, मी परत वाचते," सावित्री म्हणाली.

"काकांसकट वाचा," स्वरूपा म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. मला अंगभर कपड्यांत बाथरूममध्ये पाठवण्यात आलं. स्वरूपानं सांगितलं, "काका, आधी नळ चालू होता. 'यांपैकी जे कमी असेल ते' असं काकू म्हणाल्या की नळ बंद, आणि मग तुम्ही ओरडायचं. दार लावलेलं होतं." दोन वर्षं मला या घरात खोकायची परवानगी नव्हती, आणि आता ओरडायची तालीम.

पहिल्या वेळी म्हणे मी फार गोड ओरडलो. "एवढं गोड तुम्ही मला लग्नातही बोलला नव्हता," आतून सावित्री. दुसऱ्या वेळी मलाच हसू फुटलं. तिसऱ्या वेळी पंखा बंद, गोधडी लावलेली, बाथरूममध्ये मी उकडून निघालेलो, आणि मला खरंच राग आला. आत सावित्री वाचत होती, "ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल ते." मी नळ बंद केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "ऐकतंय का कुणी या घरात?"

आतून स्वरूपाचा आवाज आला, "ऐकतेय, काका."

 मी बाथरूममध्ये तसाच उभा. मला वाटलं, गेला हाही धडा. पण सावित्री थांबली नाही, पुढचं वाक्य वाचलं, धडा शेवटपर्यंत नेला, आणि मगच बंद केला. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती.

स्वरूपा म्हणाली, "चुकून निघालं हो तोंडातून. धडा ऐकताना तुम्ही दर वेळी विचारायचात ना, तेव्हा मी मनात उत्तर द्यायचे. आज मोठ्यानं आलं." मी टॉवेल घेऊन तोंड पुसत बसलो. तसं ओलं नव्हतं फारसं.

परीक्षेला आम्ही दोघंही गेलो होतो, केंद्राबाहेर झाडाखाली बसलो. तिला प्रश्न वाचून दाखवायला आणि ती सांगेल ते उत्तर लिहायला एक मुलगी दिली होती. सुटल्यावर स्वरूपा बाहेर आली, काठी टेकत, आणि पहिलं मला म्हणाली, "काका, गणपूर्ती आली."

"मग?"

"नळ बंद झाला, तुम्ही ओरडलात, मी उत्तर दिलं."

निकाल लागायला खूप दिवस गेले. तोवर सावित्रीकडं चिखलीची दुसरी एक मुलगी आली, संस्कृती नावाची, तिलाही दिसत नाही, तीही हीच परीक्षा देणार. जुने धडे तिला दिले, पण पुस्तकं बदलली होती, ती नव्यानं वाचायची होती, अन् रणजीतनं आमच्या कॉम्प्युटरचा जळका भाग आणि डिस्क बदलून दिली होती. परत पंखा बंद, परत गोधडी, परत मी जिन्यात. गेल्या सोमवारी सकाळी आतलं दार लावलेलं, हिचं वाचन चाललेलं, आणि माझा फोन वाजला. मी पळत जिन्यात गेलो. स्वरूपा होती. आधी विचारलं, काकू वाचतायत का? मग म्हणाली, "काका, मी लागले."

जिन्यात खोकायचं ते मी खोकलो. मग आत आलो. धडा संपेपर्यंत दार उघडायचं नाही, हा या घरातला पहिला कायदा. मी दोन मिनिटं दम धरला असेन. मग दार लोटलं आणि ओरडलो, "ऐकतंय का कुणी या घरात? आपली स्वरूपा लागली!"

सावित्रीनं हात वर केला, थांबा म्हणून. चालू वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचलं. बटण दाबलं. आणि मग टेबलावर डोकं ठेवून अशी रडली, की मला कळेना हिला पाणी देऊ का स्वतः पिऊ.

शांत झाल्यावर मी म्हटलं, आता ते माझं ओरडणं पूस आणि तेवढं परत वाच, त्या चिखलीच्या पोरीला आपल्या घरच्या गोष्टी कशाला?

"राहू द्या," ती म्हणाली. "तिलापण ऐकू दे, की लागतं म्हणून."

मग तिनं फाइलीला नाव दिलं, आपले दंड, श्री, आपले दंड, आणि सुरुवात, मधलं, शेवट लावून बघितलं. मधे मी होतो.